प्रार्थनेच्या पाठीवर पुडिंग

गुरुवारची सकाळ. चुलीवर ओटची पेज रटरटत होती, नेड एका पायात बूट चढवून दुसरा शोधत होता, आणि खिडकीतले दोन्ही कॅनरी एकमेकांवर खेकसत होते. नॉर्विचच्या विणकराच्या घरात माग एक वेळ बंद राहील, पण कॅनरी गप्प बसायचे नाहीत. मी पेजेत मिठाची चिमूट टाकायला हात उचलला आणि दार वाजलं. वाजलं कसलं, कुणीतरी मुठीनं बडवलं.

"एवढ्या सकाळी कोण मेलं?" नेड बुटाचा शोध न थांबवता म्हणाला.

दारात केझाया अटिंग उभी होती. आमच्याच गल्लीतली, चार घरं पलीकडच्या छापखान्यातली. डोक्यावर टोपी नाही, हात कोपरापर्यंत काळे, आणि धावत आल्यानं श्वास वरच्या वर.

"मर्सी, घड्या घातल्यास?"

"कशाच्या?"

"कागदांच्या गं! काल संध्याकाळी आणून दिले ते. घातल्यास की नाही?"

"अजून पेज पोटात गेली नाही माझ्या. आधी पोट, मग घड्या."

"देव पावला," म्हणत ती उंबऱ्यावरच बसली. "घालू नकोस. एकाचीही घालू नकोस."

केझायाच्या छापखान्यातून निघालेले मोठे कागद मी घरी आणून घड्या घालायची, दोऱ्यानं शिवायची आणि पुस्तकं करून परत द्यायची. गल्लीतल्या आणखी दोघीतिघी हेच काम करायच्या. एका कागदाच्या तीन घड्या घातल्या की सोळा पानं होतात; आठ एका बाजूला छापलेली, आठ दुसऱ्या. कालचा गठ्ठा वर प्रार्थना दिसल्या म्हणून मी ब्लायफर्ड आजींच्या पुस्तकाचा समजले होते. आयांसाठी प्रार्थना आणि मुलं वाढवण्याच्या चार हिताच्या गोष्टी. पहिले दोन कागद मी आधीच घडी घालून ठेवले होते, हा तिसरा आणि शेवटचा. तीनशे प्रती.

आम्ही गठ्ठा फळीवरून टेबलावर घेतला. वरचा कागद मी पाहिला. बाळंतपणाच्या आदल्या दिवशीची प्रार्थना, आजारी लेकराच्या उशाशी म्हणायची प्रार्थना, दात येणाऱ्या मुलाला शांत कसं करावं. सगळं ठीक.

"उलट," केझाया म्हणाली.

मी कागद उलटला. वाम माशाची पाई. मनुकांचं पुडिंग. हिरव्या अक्रोडांचं लोणचं.

तोपर्यंत नेडचा दुसरा बूट सापडला होता. तो माझ्या खांद्यावरून डोकावला आणि चॅपेलमधल्या पाद्रीबाबांच्या आवाजात वाचायला लागला, "हे प्रभो, या बालकावर तुझी छाया राहू दे... आमेन. आता वामेची कातडी शेपटाकडून सोलावी."

"नेड!" मी ओरडले. पण केझायाचेही खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मला पहिल्यांदा कळलंच नाही. दोन्ही करत होती.

झालं होतं ते असं. तिच्याकडे त्या आठवड्यात दोन कामं होती. एक आजींचं पुस्तक आणि दुसरं वेन्सम नदीकाठच्या खानावळवालीचं, तिच्या पाककृतींचं. दोन्हींना एकाच मापाचा कागद. छपाईचा कागद आदल्या दिवशी ओला करून, वर ओली घोंगडी आणि फळी ठेवून मुरवावा लागतो, तरच तो शाई धरतो. तसे दोन गठ्ठे भिंतीशी शेजारी शेजारी मुरत पडलेले, दोन्हींची एकेक बाजू छापून झालेली, छापील बाजू खाली. केझायानं पाककृतींचा फर्मा, म्हणजे शिशाची अक्षरं जुळवून बांधलेली चौकट, यंत्रात चढवला आणि गठ्ठा ओढला तो आजींचा; छापून झाल्यावर तोच पाककृतींचा समजून माझ्याकडे पोचवला. आज पहाटे दुसऱ्या गठ्ठ्यावरची घोंगडी उचलली, तर पाककृतींची पाठ कोरीच्या कोरी. मग तिला उमगलं की तिची शाई कुणाच्या पाठीवर गेली.

"पण तू तर प्रत्येक फर्मा वाचतेस," मी म्हटलं.

"वाचला की! एक चूक नाही त्यात. बघ, 'जायफळ'सुद्धा बरोबर आहे." तिनं बोट ठेवलं. "शिसं वाचलं गं मी. कागदाच्या पोटाशी काय आहे ते कुठं वाचलं?"

ही चूक तिच्याचकडून व्हायची होती. केझायाचा बाप जुळारी, शिशाचे खिळे जुळवून ओळी लावणारा. आई लवकर गेली, तेव्हा बाप तिला कामावर घेऊन जायचा आणि खिळ्यांच्या पेटीखाली बसवायचा. जमिनीवर सांडलेले खिळे वेचता वेचता तिला अक्षरं आली. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसतं तसं. त्यामुळे पोरगी आधी उलटं वाचायला शिकली, सुलटं पुढे कधीतरी. आजही तिला छापील पान दिलं तर ती बोट फिरवत फिरवत वाचते, आणि शिशाचा फर्मा दिला तर मी भाजीवरून नजर फिरवावी तशी नजर फिरवून सांगते, तिसऱ्या ओळीत एक ई उताणा पडलाय. पुढे तिचं लग्न झालं तेही छापखानेवाल्याशीच. मॅथ्यू अटिंग यंत्राचा दांडा ओढायचा, ती शाई लावायची. दांड्याच्या लयीवर दोघं स्तोत्रं म्हणायची. संथ स्तोत्र लागलं की त्या दिवशी कमी कागद निघायचे, म्हणून घाईच्या कामाला मॅथ्यू मुद्दाम चढ्या चालीचं स्तोत्र काढायचा. तीन वर्षांपूर्वी तो छातीच्या तापानं गेला. तेव्हापासून दांडाही तीच ओढते, शाईही तीच लावते आणि दोन्ही आवाजही तीच गाते, खालचा आणि वरचा.

गल्लीत तिच्यावर सगळ्यांचा जीव. तक्रार म्हणाल तर एकच. शाई लावायचे चामड्याचे गोळे रोज कशात भिजत घालून मऊ ठेवतात, ते मी इथं लिहीत नाही. इतकंच सांगते की उन्हाळ्यात वारा छापखान्याकडून आला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो आणि पलीकडची मिसेस पॉटर म्हणायची, "केझी, तुझ्या प्रार्थनांचा वास स्वर्गापर्यंत जात असेल बाई."

तर, हसण्यासारखं होतं खरं, पण हसून भागण्यासारखं नव्हतं. छपाईचं यंत्र केझायाचं नव्हतं, चॅपेलचं होतं. स्तोत्रांची पुस्तकं, मुलांची अक्षरपुस्तकं, आयांच्या प्रार्थना, सगळं चॅपेल तिच्याकडून छापून घ्यायचं. आणि चॅपेलचे कारभारी मिस्टर थर्टल मॅथ्यू गेल्यापासून एकच गोष्ट म्हणत होते. एकट्या बाईच्या हाती यंत्र बरं नव्हे. त्यांचा एक पुतण्या इप्सविचला छापखान्यात होता, त्याला आणावं, त्यानं काम बघावं, केझायानं कागद वाळत घालावेत. माणूस मनाचा वाईट नव्हता. बायकांच्या बैठकीत सगळ्यांना 'भगिनी' म्हणायचा, घसा खाकरून आपुलकीनं बोलायचा. पण त्याला खात्री होती की बाई एकटी काम करते म्हणजे कधीतरी घोटाळा होणारच. या रविवारी प्रार्थनेनंतर आयांच्या बैठकीत आजींचं पुस्तक वाटायचं होतं. ते वेळेवर आलं तर यंत्र केझायाकडे, नाही आलं तर नाताळाच्या आत पुतण्या, असं थर्टल सगळ्यांसमोर बोलून बसले होते.

"नवा कागद?" मी विचारलं.

"गिरणीची गाडी मंगळवारी."

"जाळून टाक. सांग, उंदरांनी खाल्ले."

"तीनशे कागद खाणारे उंदीर, मर्सी? मग थर्टलच्या पुतण्याऐवजी मांजरच आणावं लागेल."

नेड मागाकडे जाता जाता म्हणाला, "झाकता नाही का येत? मागावर ताणा तुटला तर मी गाठ मारतो. कापड फेकत नाही."

केझाया त्याच्याकडे बघतच राहिली. मग उठली. "चहाचा कागद," ती म्हणाली. वाण्यासाठी ती चहाच्या पुड्यांवरची नावं छापायची. त्याचा पातळ, झिरझिरीत कागद तिच्याकडे भरपूर शिल्लक होता. आजींच्या आठ पानांचा फर्मा तर जुळवून तयारच होता. तो त्या पातळ कागदावर छापायचा आणि पुडिंगाच्या बाजूवर चिकटवायचा.

"पण आधी आजींना सांगायचं," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? चिकटवून झाल्यावर सांग."

"प्रार्थना त्यांच्या आहेत. त्यांच्या प्रार्थनेखाली मी वाम ठेवणार, आणि त्यांना विचारायचं नाही?"

म्हणून पेज नेडच्या भरवशावर सोडून मीही तिच्याबरोबर गेले. डॉर्कस ब्लायफर्ड आजी ऐंशीच्या घरात. दहा बाळंतपणं, चार लेकरं हाताला लागलेली. चॅपेलमध्ये त्यांच्यासमोर पाद्रीबाबासुद्धा जरा सावरून बसायचे. त्या शेकोटीशी बसून मोजा विणत होत्या. केझायानं कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आजींनी चष्मा लावला. एक बाजू वाचली, उलटून दुसरी वाचली. बराच वेळ वाचली.

"वामेत जायफळ?" आजी म्हणाल्या. "कुठल्या मूर्ख बाईनं सांगितलं हे?"

"खानावळवालीनं," केझाया पुटपुटली.

"तरीच तिथं गिऱ्हाईक कमी. वामेला जावित्री लागते. आणि थेंबभर व्हिनेगर." त्यांनी चष्मा काढला. "माझ्या प्रार्थना मी कुठं लिहिल्या असं वाटतं तुला, पोरी? टेबलाशी बसून? एका हातानं पुडिंग ढवळत, काखेत रडकं पोर, असं मनात जुळवायची आणि पोर झोपलं की उतरवायची. त्यांच्याखाली पुडिंग गेलं तर त्यांना काही नवं नाही. खळीत तुरटी घाल, नाहीतर ते उंदीर खरंच येतील."

गुरुवारी दिवसभर गल्लीत केझायाच्या यंत्राचा आवाज होता, आणि चाल चढी होती.

शुक्रवारी माझ्या स्वयंपाकघरात सहा बायका आणि पिठाच्या खळीचे दोन टोप. खरी अडचण चिकटवण्याची नव्हती, बरोबर जागी चिकटवण्याची होती. केसभर सरकलं तरी घडी घातल्यावर ओळी तिरक्या. पण छापताना यंत्रातल्या दोन सुया प्रत्येक कागदाला ठरलेल्या जागी दोन भोकं पाडतात, दोन्ही बाजूंच्या ओळी पाठीला पाठ लागाव्यात म्हणून. पातळ कागदालाही तीच भोकं पडली होती. केझायानं आमच्याकडून रफू करायच्या सुया मागवल्या, एकेका पाटावर दोन दोन उभ्या ठोकल्या. खालचा कागद सुयांत अडकवायचा, खळ फिरवायची, वरचा कागद त्याच सुयांत उतरवायचा, फडक्यानं मधून कडेला दाबत न्यायचा. अर्ध्या तासात हात बसला.

हात बसला म्हणजे तोंडं सुटली.

"थांब थांब, अक्रोडाचं लोणचं अजून वाचून झालं नाही माझं!"

"तीन कागदांपूर्वीही तू हेच म्हणालीस."

"मिठाच्या पाण्यात किती दिवस म्हटलंय? नऊ?"

"नऊ. आणि पाणी दर तीन दिवसांनी बदलायचं. चिकटव आता, बाई, खळ वाळते आहे."

मिसेस पॉटरनं सगळ्यांच्या नकळत पुडिंगाची कृती भिंतीवर कोळशानं लिहून घेतली. ती माझ्या भिंतीवर अजून पुसट दिसते. आजी कोपऱ्यात बसून खळ घोटत होत्या आणि दर थोड्या वेळानं म्हणत होत्या, "जायफळ!" जणू कुणाच्या चोरीची गोष्ट चालली होती. दुपारी मी सगळ्यांना पिठाचे गरम डंपलिंग आणि खारवलेला हेरिंग मासा वाढला. केझाया उभ्यानंच खात होती, आणि खाता खाता प्रत्येक कागद बघत होती. पण आता दोन्ही बाजूंनी. छापलेलं सुलटं वाचायला तिला वेळ लागत होता, तरी ओठ हलवत, बोट फिरवत, एकेक ओळ वाचत होती. मला तिला सांगावंसं वाटलं, राहू दे, आम्ही बघतो. सांगितलं नाही.

शनिवारी कागद वाळले, फळ्यांखाली दबले. आम्ही घड्या घातल्या, शिवलं. रविवारी प्रार्थना संपली तेव्हा चॅपेलच्या मागच्या खोलीत टेबलावर तीनशे पुस्तकं रचून ठेवलेली होती. एक कमी नाही.

मिस्टर थर्टलनी वरचं उचललं. पानं चाळली. शेवटच्या भागाशी आले आणि पान अंगठ्यात धरून चोळलं.

"वा," ते म्हणाले. "कागद दणकट वापरलाय, भगिनी. शहाणपणाचं केलंत. आयांच्या हातात पुस्तक म्हणजे पोरांच्या हातात पुस्तक. टिकेल हे. यंत्र तुमच्याकडे नको म्हणत होतो मी, पण मान्य करायलाच हवं."

खोलीत आम्ही तीसएक बायका होतो. मिसेस पॉटरनं खालचा ओठ चावला. कुणी टोपीची नाडी बांधायला लागली, कुणी सोडायला. मी केझायाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात ओरडले, गप्प बस, बाई, गप्प बस. वेळेवर आलंय, त्यांना आवडलंय, यंत्र तुझं झालंय.

"दणकट नाही, मिस्टर थर्टल," केझाया म्हणाली. "जोडलेला आहे. खिडकीशी उजेडाला धरा."

त्यांनी धरला. उजेडात प्रार्थनेच्या ओळींमागे फिकट अशा दुसऱ्या ओळी उलट्या उमटल्या, आणि मधोमध मोठ्या अक्षरांतलं शीर्षक. थर्टल मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न करत होते.

"काय आहे हे?"

"वामेची पाई," केझायानं उलटं झटक्यात वाचून सांगितलं. "माझी चूक. चुकीच्या गठ्ठ्यावर दुसरी बाजू मारली. मग झाकली. ब्लायफर्ड आजींना माहीत आहे. तुम्हालाही माहीत असावं."

आधी एक बाई हसली. मग सगळ्याच. थर्टल मात्र हसले नाहीत, त्यांचे कान लाल झाले. त्यांनी पुस्तक खाली ठेवलं आणि घसा खाकरला.

"म्हणजे मी तीन वर्षं म्हणतोय तेच झालं. एकटीनं काम केलं की हेच व्हायचं. नव्हे का, भगिनींनो?"

तेवढं खरं होतं.

मग आजींची काठी फरशीवर वाजली. "एलायजा थर्टल, तुझ्या आईच्या बाळंतपणाला मी होते. तू पायाळू आलास. चूक आधी तुझीच होती. तुझ्या आईनं तुला परत पाठवलं का?"

हशा थांबेपर्यंत आजी थांबल्या.

"लहान मुलांसाठी मी एक अक्षरपुस्तक लिहून ठेवलंय. ए पासून झेडपर्यंत, प्रत्येक अक्षराला एक प्राणी आणि दोन ओळी. ते मी चॅपेललाच देणार. पण छापणारी मी निवडणार. पुस्तक वेळेवर आलंय. आणि कुणी न विचारता खरं सांगणारा छापखानेवाला मी इतक्या वर्षांत पाहिला नाही. इप्सविचचा असा असेल तर त्याला आण."

थर्टल टेबलाशी उभे राहिले. एक पान उलटलं. मग पुन्हा तेच. मला वाटतं, पहिल्यांदाच त्यांनी ती प्रार्थना खरोखर वाचली. शेवटी ते केझायाकडे वळले, आणि 'भगिनी' न म्हणता नावानं बोलले.

"ठीक आहे, मिसेस अटिंग. यंत्र तुमच्याकडेच राहील. बोललो ते पाळतो. पण असं परत व्हायला नको. मग तुम्हाला हवं काय? मदतीला माणूस? माझा पुतण्या नको असेल तर दुसरा कुणी? नवं यंत्र? मोठी जागा?"

सगळ्या बायका केझायाकडे बघायला लागल्या. मलाही वाटलं, आता माग, बाई, खूप माग. यांच्या तोंडून असं विचारणं पुन्हा कधी निघायचं नाही.

केझायानं हात एप्रनला पुसले. शाई काही निघाली नाही.

"मोठं काही नको. मी गठ्ठा उलटून दुसरी बाजू मारायला घेते ना, तेव्हा कुणीतरी माझ्याशेजारी उभं राहावं, आणि पहिला कागद दोन्ही बाजूंनी मला मोठ्यानं वाचून दाखवावा. पाव तासाचं काम आहे. तुम्ही आलात तरी चालेल."